गोणीचा कान

चांदवडला आग्रा रोडच्या कडेला व्यापाऱ्यांची कांद्याची खळी होती, तिथं चांगुणाबाई गोण्या शिवायची. कांदा निवडायला बायका हव्या तेवढ्या मिळत, पण भरलेल्या गोणीचं तोंड शिवणं हे बाप्यांचं काम समजलं जायचं, आणि ते करणारी ही एकटीच बाई. नवरा मल्हारी त्याच खळ्यावर हमाल होता. दाभण धरायला तिला त्यानंच शिकवलं आणि वर्षभरात ती त्याच्यापेक्षा चांगली शिवायला लागली. दुसऱ्या एखाद्याला याचा राग आला असता. मल्हारी उलट चारचौघांत बढाई मारायचा, की माझ्या बायकोनं शिवलेली गोणी कलकत्त्याला उतरली तरी उसवत नाही. तो स्वतः मनमाडच्या पुढं कधी गेलेला नव्हता, पण कलकत्त्याबद्दल फार खात्रीनं बोलायचा.

गोणी शिवून झाली की तिच्या दोन्ही कोपऱ्यांना कान काढतात. कान म्हणजे सुतळीनं आवळलेली मूठभर जागा. हमालाला गोणी उचलताना तिथं हात घालता येतो. हा कान बांधायची ज्याची त्याची तऱ्हा असते. चांगुणाबाई दोन वेढे घ्यायची, टोक खालून काढून आपल्याकडं ओढायची आणि उरलेलं शेपूट पुन्हा वेढ्यात खोचून टाकायची, म्हणजे ते कुठं अडकत नाही. ट्रक भरताना हमाल कानाला नुसता हात लावून सांगायचे, ही चांगुणाबाईची गोणी.

एका एप्रिलात भरदुपारी आभाळ काळं झालं. उघड्यावर पडलेला कांदा झाकायला मल्हारी ताडपत्री घेऊन धावला आणि त्याच्यावर वीज पडली. सकाळी रेडिओनं हवा कोरडी राहील असं सांगितलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस चांगुणाबाईला रेडिओचा आवाज सहन होत नसे. शेजारच्या घरात कोणी लावला तर ती उठून ओढ्याकडं जायची.

मागं दोन लेकरं राहिली, जयराम आणि धाकटी लता. शाळा सुटली की जयराम खळ्यावर यायचा आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसायचा. ती शिवायची तसं तो बघायचा, तिच्याच बाजूनं, आणि असं बघता बघताच तो कान बांधायला शिकला. शिकवायला असं तिनं त्याला कधी बसवलं नाही. एक दिवस तिच्या लक्षात आलं की शेजारच्या गोणीचा कान तिनं बांधलेलाच नाही, आणि तरी तो तिचाच आहे. तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला गूळ दिला.

मॅट्रिक झाल्यावर जयरामला मुंबईच्या वेधशाळेत जागा मिळाली. बापावर वीज पडली म्हणून पोरगा हवामान खात्यात गेला, असं पुढं वस्तीतले लोक फार गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. चांगुणाबाईही ते खोडून काढायची नाही. खरं म्हणजे त्यानं रेल्वेत अर्ज केला होता, पोस्टात केला होता, नाशिक रोडच्या प्रेसमध्येही केला होता. जिथून पहिलं बोलावणं आलं तिथं तो गेला. पण गेल्यावर मात्र त्या कामात त्याचा जीव रमला, हे खरं.

काम होतं फुगे सोडायचं. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हे सांगितलं आणि खळ्यावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. सगळ्यांत जास्त हसला तो पुंजा. पुंजाचा मळा दिंडोरीच्या अंगाला होता, थोडा कांदा, थोडी द्राक्षं. माल घेऊन खळ्यावर यायचा आणि माल उतरेपर्यंत सगळ्यांची थट्टा करायचा.

"म्हंजी सरकार तुला फुगं सोडायचा पगार देतं?" तो म्हणाला. "आरं, जत्रंत गेलास तर लोकं वरून पैसं देतील!"

जयरामला राग आला नाही. त्यानं नीट समजावलं. माणसापेक्षा मोठा फुगा असतो. त्यात हलका वायू भरायचा, खाली लांब दोरी, दोरीला कागदी छत्री आणि एक छोटा डबा. फुगा ढगांच्याही वर जातो, आणि डबा जाता जाता हवा किती गार, किती ओली, हे खाली यंत्रावर कळवत राहतो. शेवटी फुगा फुटतो आणि डबा छत्रीवर तरंगत कुठंतरी पडतो. पावसाळ्यात वरचा वारा समुद्राकडं असतो, तेव्हा डबे पाण्यात जातात. हिवाळ्यात वारा इकडं वाहतो.

"मग एखादा आपल्याकडं बी पडल की रे," चांगुणाबाई म्हणाली.

"पडल ना. दोरी मीच बांधतो आई. दुसऱ्याला हात लावू देत नाय."

आणि पडला. त्याच हिवाळ्यात पुंजाच्या द्राक्षाच्या मांडवावर एक पांढरा डबा लटकलेला सापडला. आधी पुंजाची बोबडी वळली, मग त्याला जयराम आठवला, आणि तो डबा सायकलला बांधून खळ्यावर घेऊन आला. बघायला ही गर्दी! कोणी छत्री उघडून बघतंय, कोणी डबा कानाला लावतंय. चांगुणाबाईनं यातलं काहीच केलं नाही. दोरी डब्याला जिथं बांधली होती तिथं तिनं बोट फिरवलं. दोन वेढे, टोक आपल्याकडं, शेपूट आत.

"जयाचा हात," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मुंबईहून, एवढ्या उंचावरून, पोरानं आपल्याला हाक मारली असं तिला वाटलं असणार.

डब्यावर छापलं होतं की हा सरकारी माल आहे, सापडेल त्यानं जवळच्या पोस्टात द्यावा. चांगुणाबाईनं तो एक रात्र घरात ठेवला आणि सकाळी स्वतः पोस्टात नेऊन दिला. देण्याआधी मात्र दोरीची ती गाठ कापून घेतली. डबा सरकारचा, गाठ माझी, असा तिचा हिशोब. घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक खिळा होता, त्याला ती गाठ अडकवली. मग दर हिवाळ्यात एखादा डबा यायचा. पुंजाला सापडायचा, नाहीतर नांदगावकडच्या कोणी मेंढक्याला. सगळ्यांना ठाऊक झालं होतं की असलं काही सापडलं की आधी चांगुणाबाईकडं न्यायचं, मग सरकारकडं. एखाद्या हिवाळ्यात काही पडलं नाही की ती खट्टू व्हायची आणि जयरामला निरोप धाडायची, की बाबा, जरा इकडं तोंड करून सोडत जा. वारा आपलं ऐकत नाही, हे त्यानं तिला अनेकदा सांगून पाहिलं.

असे दिवस गेले. लताचं लग्न नाशिकच्या सहादूशी झालं. तो एका शाळेत कारकून होता, मोठा वाचणारा माणूस. जयरामचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. मुंबईतली खोली फार लहान आहे, असं तो म्हणायचा.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी तो दरवर्षी न चुकता यायचा. अशाच एका जयंतीला त्यानं उपग्रहाचं सांगितलं. देशानं स्वतःचा उपग्रह वर ठेवला होता, तो एका जागी राहून ढगांचे फोटो काढायचा. दुसरे परदेशी होते, ते पृथ्वीभोवती फिरताना खालच्या हवेची ऊब वरूनच मोजत जायचे. पुंजा तेव्हा वस्तीतच होता, मिरवणुकीला बैलगाडी घेऊन आलेला.

"झालं!" तो म्हणाला. "आता वरूनच समदं दिसतंय म्हंल्यावर तुझं फुगं बंद. ये खळ्यावं परत. आन् आधी तरी काय दिवं लावलं तुमी? तुमचा रेडू पाऊस म्हंला की मी निवांत कांदा वाळत घालतो."

आजूबाजूचे हसले. चांगुणाबाई मात्र जयरामकडं वळली. "खरंच बंद व्हत्यात का रे?"

"नाय आई. उलट वाढलं काम." जयराम तिच्याजवळ सरकून बसला. "हे बघ. उद्याची हवा गणितानं काढत्यात. गणितात आजची हवा घालायची, मग उद्याची निघती. पन आजचीच नीट ठाऊक नसंल तर? जमिनीवर आमी फुगं सोडतो. समुद्रावर कोन सोडनार? आपल्याकडं तर समदं तिकडूनच येतं. तिथलं आता उपग्रह सांगनार."

"मग फुगा कशाला?"

"त्यो लांबून बघतो. लांबून बघनाऱ्याचं चुकतं. म्हनून त्यो डोक्यावरून जायच्या टायमाला आमी खालून फुगा सोडायचा, आन् त्याचं आन् आमचं ताडून बघायचं. किती चुकतोय ते कळलं की तेवढं दुरुस्त करून गणितात घालायचं."

"व्यापारी ढीग वरून बघून भाव सांगतो," चांगुणाबाई म्हणाली, "पन एखादी गोनी फोडून बघावीच लागती."

"तेच! मी गोनी फोडतो, आई."

ते तिच्या मनात पक्कं बसलं. उपग्रह कितीही येवोत, गोणी फोडणारा लागणारच. त्या वर्षीपासून तिनं रेडिओवरचं हवामान पुन्हा ऐकायला सुरुवात केली. अंदाज चुकला की ती त्या बातम्या देणाऱ्या माणसाची बाजू घेऊन भांडायची, जणू तोही तिच्या पोटचा होता.

पंच्याऐंशी साली तिची नजर गेली. एक डोळा आधीच निकामी होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. लतानं तिला नाशिकला नेलं. ऐन पावसाळ्यात ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि नर्सबाईंची सक्त ताकीद: खोकायचं नाही, वाकायचं नाही, आणि काही झालं तरी रडायचं नाही. डोळ्यात टाके आहेत. रडणं आलं, जोर पडला, तर हाही डोळा हातचा जाईल.

त्याच आठवड्यात मुंबईहून निरोप आला. जयरामला कावीळ झाली होती, आणि कळवू नका, आईचा डोळा आहे, असं तो दवाखान्यातून सगळ्यांना बजावत राहिला होता. सहादू रात्रीच्या गाडीनं गेला तेव्हा सगळं आटोपलं होतं. वेधशाळेतल्या सोबत्यांनी मिळूनच त्याला स्मशानात पोचवलं. मोतीराम नावाचा एक नवा माणूस हुंदके देत सहादूला म्हणाला, की मला त्यानंच समोर उभं करून काम शिकवलं.

लतानं आईला सांगितलं नाही. कोणती मुलगी सांगेल? ती दवाखान्यात आईला पेज भरवायची, जयरामचं कसं चाललंय याची उत्तरं द्यायची आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. चांगुणाबाई एकदा म्हणाली, "लय पानी वाया घालवता बाई तुमी शहरातली मानसं." लता त्यावर हसलीसुद्धा.

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस जपा. लता म्हणाली, काही दिवसांनी सांगू. ते दिवस गेले, मग आज नको, उद्या, असं सुरू झालं. जे पहिल्या दिवशी सांगता आलं नाही ते महिन्यानंतर कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी सहादूनं वर्तमानपत्र वाचून वाचून एक छान खोटं तयार केलं. जयरामची दिल्लीला बदली झाली आहे. मोठ्या गणिती यंत्रावर. उपग्रहाचं काम आहे, महत्त्वाचं आहे, रजा मिळत नाही. आणि फुगे? फुगे आता बंद झाले, सगळं उपग्रहच बघतो.

"बंद झाले?" चांगुणाबाईनं विचारलं.

"हो आई. आता गरजच नाही त्यांची."

तिनं मान डोलावली. तिला पटलं, असं लताला वाटलं आणि तिचा जीव थोडा खाली बसला. पण त्या दिवसापासून चांगुणाबाईचा जीव वर टांगला होता. सहादूराव शिकलेले आहेत, ती स्वतःशी म्हणायची, पण ते काही त्या कचेरीत नाहीत. त्यांना काय ठाऊक? नाहीतर मग जयरामच चुकला असेल. उपग्रह सुधारले असतील, गोणी फोडायची गरज उरली नसेल. पोरगं खोटं ठरलं तरी चालेल, पण दिल्लीत असू दे. तिनं कोणाला काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, ही भीती होती.

चांगुणाबाई अजून लताकडंच होती. सहा डिसेंबरला लताच्या कॉलनीतली माणसं दादरला जाऊन आली. शेजारच्या यशोदाबाई दरवर्षी तिथं जयरामला भेटायच्या. चांगुणाबाईनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. "तो दिल्लीला ना आता," यशोदाबाई म्हणाल्या आणि चहा न घेताच उठल्या.

थंडी वाढली. वरचा वारा आता इकडं वळला असणार, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिनं याच दिवसांत डब्याची वाट पाहिली होती. यंदा पहिल्यांदाच तिला वाटत होतं, की डबा पडू नये. कुठंच पडू नये. फुगे खरंच बंद झालेले असू देत.

जानेवारीत एका सकाळी पुंजा लताच्या दारात उभा राहिला. नाशिकच्या बाजारात माल घेऊन आला होता. त्याचा मळा आडबाजूला, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. काखेत पांढरा डबा होता. लता आतून धावत आली, त्याला खुणा करू लागली, पण पुंजाच्या तोंडाला खळ नव्हता.

"चांगुनाबाई, डोळं कसं हायेत? मी आज मुद्दाम आलो बघा. मागल्या हप्त्यात रेडूनं सांगितलं, गारा पडत्याल, माल झाका. आदी मी म्हंलं, सांगू दे. मंग जयराम आठवला. म्हंलं, एकडाव ऐकून तर बघू. समदा कांदा झाकला, आन् दुसऱ्या दिशी ही गार आली! शेजाऱ्याचा समदा नासला, माझा एक कांदा गेला नाय. पोराला सांगा तुमच्या, पुंजा हरला म्हनावं. मी त्याला लय बोललो." त्यानं डबा पुढं केला. "आन् ह्यो बी पडला बघा परवा, नेहमीवानी."

चांगुणाबाईनं डबा मांडीवर घेतला. चष्म्यातून तिला तो पांढरा आणि वाकडातिकडा दिसत होता. तिनं बघायचं सोडलं आणि बोटानं दोरी चाचपली. दोन वेढे होते. शेपूट आत खोचलेलं होतं. तिचा चेहरा एकदम उजळला. मग बोट पुन्हा फिरलं, आणि थांबलं.

गाठ तीच होती, पण उलटी. टोक बांधणाऱ्याकडं यायच्या ऐवजी पलीकडं गेलं होतं. आरशात पाहून बांधावी तशी. शेजारी बसून शिकलेला माणूस अशी बांधत नाही. समोर उभं राहून, समोरच्याचे हात बघून जो शिकतो, त्याचीच अशी होते.

"लते," ती म्हणाली, "ही जयानं बांधली नाय. जयानं कुनाला तरी शिकवलीय."

"दिल्लीला जायच्या आधी शिकवली असेल, आई."

"आन् फुगं? फुगं बंद झालं ना?"

लतानं पुंजाकडं पाहिलं.

"जया म्हंला व्हता, फुगं बंद व्हनार नायत," चांगुणाबाई सावकाश म्हणाली. "म्हनला, दोरीला दुसऱ्याचा हात लागू देत नाय. त्यो दिल्लीला असता तर फुगं बंद झाल्याचं मला खोटं सांगायची काय गरज व्हती?"

पुंजा एकदा हिच्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघत होता. मग त्याला उमगलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि दारातच खाली बसला.

"कधी?" चांगुणाबाईनं विचारलं.

"पावसाळ्यात," लता म्हणाली. "तुझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा. कावीळ झाली. तोच म्हणत होता, आईला कळवू नका."

चांगुणाबाई ऐकत होती. तिनं गाठ कापली नाही. डबा दोरीसकट उचलून पुंजाच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "पुंजाभाऊ, ह्यो पोस्टात द्या. ही गाठ ज्यानं बांधली त्याची हाय." तिचा हात पदराकडं गेला. लता चटकन पुढं झाली. एवढे महिने जिभेवर बसलेलं वाक्य तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आई, रडू नको गं. डोळा."

चांगुणाबाईनं चष्मा काढला. दोन्ही काड्या नीट मिटवल्या आणि तो लेकीच्या हातात दिला.

"धर," ती म्हणाली. "आता रडू दे मला."